दोन पेन्सांचं भांडण

जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. दारूबंदी, निम्मा शेतसारा, लष्करी खर्चात कपात, मिठावरचा कर रद्द. मिठाची मागणी पुढे दांडीला पोचली आणि शाळेच्या पुस्तकात कायमची जाऊन बसली. त्याच यादीतली आणखी एक मागणी मात्र विस्मरणात गेली: रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्सवरून एक शिलिंग चार पेन्सवर आणा. म्हणजे परक्या सरकारने रुपया महाग ठेवला होता आणि देशाचा नेता तो स्वस्त करा म्हणत होता! रुपया घसरला की अब्रू गेली असं मानणाऱ्यांना हे कोडंच वाटेल.

हिशेब साधा आहे. पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. रुपया सोळा पेन्सांचा असेल तर पौंडाला १५ रुपये मिळतात. अठरा पेन्सांचा असेल तर १३ रुपये ५ आणे ४ पै. परदेशात माल विकणाऱ्याला पौंडामागे १ रुपया १० आणे ८ पै कमी. हा फटका व्यापाऱ्यापाशी थांबत नाही, तो खरेदीच्या भावातून वऱ्हाड-खानदेशातल्या कापूसवाल्यापर्यंत उतरतो. त्याचा शेतसारा आणि सावकाराचं देणं मात्र रुपयात, तेवढंच राहतं. उलट मँचेस्टरचं कापड मुंबईत तेवढंच स्वस्त पडतं; गिरणीमालक चिडले नसते तरच नवल. सरकारचं गणित वेगळं होतं. निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनं, कर्जाचं व्याज, लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च, हे सगळं दरवर्षी पौंडात चुकवावं लागे. रुपया जितका महाग, तितके कमी रुपये लागत.

ही हुंडणावळीची कटकट जुनी होती. आपला रुपया चांदीचा: वजन १८० ग्रेन, त्यात अकरा-बारांश शुद्ध चांदी. १८७० च्या सुमाराला तो जवळजवळ दोन शिलिंगांना जाई. मग जर्मनीने सोन्याचं नाणं स्वीकारलं, इतर देश त्या वाटेने गेले, चांदी कोसळली आणि तिच्याबरोबर रुपयाही. तोवर कुणीही टांकसाळीत चांदी न्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. जून १८९३ मध्ये सरकारने ती बंद केली. रुपयांची आवक आवळली गेली आणि १८९८ पर्यंत भाव सोळा पेन्सांवर आला. आता नाण्याची किंमत त्यातल्या चांदीवर उरली नव्हती, सरकारच्या मर्जीवर होती.

त्या मर्जीवरच बोट ठेवणारा ग्रंथ एका मराठी माणसाने लिहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने या व्यवस्थेची वाखाणणी केली होती, आंबेडकरांनी तिच्यावरच हल्ला चढवला. सरकारला हवे तितके रुपये पाडता येतात, तोवर परदेशी भाव स्थिर राहिला तरी देशातली महागाई स्थिर राहणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

सरकारी मर्जी किती महाग पडते हे १९२० मध्ये दिसलं होतं. महायुद्धात आणि त्यानंतर चांदी कडाडली, रुपया दोन शिलिंगांच्याही वर गेला. एका समितीने दोन शिलिंग हा भाव सुचवला. तिच्यातले एकमेव भारतीय सदस्य, मुंबईचे दादिबा मेरवानजी दलाल, यांनी विरोध नोंदवला. तो कुणी ऐकला नाही. भाव टिकवायला सरकारने पौंड स्वस्तात विकले आणि काही महिन्यांत हात टेकले. पुढच्याच वर्षी रुपया सोळा पेन्सांच्याही खाली होता. चढ्या भावाच्या भरवशावर विलायती माल मागवलेले व्यापारी भरडले गेले.

मग १९२५ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर हिल्टन यंग आयोग आला आणि त्याने अठरा पेन्सांचा कौल दिला. आयोगाचे सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी भिन्नमतपत्रिका जोडली, मुंबईच्या व्यापारी वर्गाने रान उठवलं, तरी १९२७ मध्ये कायदा झालाच. पण हे भांडण देशभक्त विरुद्ध राज्यकर्ते इतकं सरळ नव्हतं. आयोगापुढे साक्ष देताना आंबेडकरांचा कल सोळापेक्षा अठरा पेन्सांकडे होता. रुपया स्वस्त झाला की किमती वाढतात, मजुरी मागे राहते आणि नफा मालकाच्या पदरात पडतो, असं ते म्हणत. माझ्या मते त्या गदारोळात कामगाराच्या बाजूने केलेला हा सर्वांत स्वच्छ विचार होता. फक्त पुढे जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले तेव्हा अठरा पेन्सांचा रुपया शेतकऱ्याला जाचक ठरला, हेही तितकंच खरं.

सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली. रुपया पौंडालाच बांधलेला राहिला. सोन्याचा रुपयातला भाव चढला, शेतमालाला भाव नव्हता. घराघरांतले दागिने सराफांकडे गेले, तिथून मुंबई बंदरातून बोटींवर चढले. सरकारने ही निर्यात रोखली नाही. लंडनची देणी त्यामुळे सोपी झाली.

स्वातंत्र्यानंतरही भाव तोच राहिला, पौंडाला १३ रुपये ३३ पैसे. १९४९ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं तेव्हा भारतही बरोबर उतरला, पाकिस्तान उतरला नाही आणि दोन देशांमधला व्यापार अडकून पडला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचं अवमूल्यन होऊन पौंड २१ रुपयांचा झाला. पुढच्या वर्षी पौंड पुन्हा उतरला, या वेळी आपण मागे गेलो नाही, म्हणून तो १८ रुपयांवर आला. १९७५ मध्ये रुपयाची पौंडाशी असलेली गाठ सुटली.

आता मोबाइलवर दरवर्षी फिरणारा तो मजकूर: १९४७ मध्ये एक रुपया म्हणजे एक डॉलर. साफ खोटं. तेव्हा पौंडाला ४.०३ डॉलर पडत आणि १३.३३ रुपये. भागाकार करा, डॉलर सुमारे ३ रुपये ३० पैशांना येतो. पुन्हा कुणी तो पाठवलाच, तर हा भागाकार उलट पाठवा.