रुग्णसेवा हाही एक हुन्नर आहे

सालवड, बोईसर, तारापूर या पट्ट्यात औद्योगिक वसाहत आली. तिच्यामागून कापडाचे व रसायनांचे कारखाने, दुकाने, बिऱ्हाडे आली आणि छोटी छोटी रुग्णालयेही उभी राहिली. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या घरचे आजारपण बहुधा अशाच ठिकाणी निघते. डॉक्टर कोण, मशीन कोणती, हे आपण विचारतो. रात्री रुग्णाजवळ कोण असते आणि तिला काय शिकवले आहे, हे विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

काही वर्षांपूर्वी आमचे थोरले बंधू पक्षाघाताने अंथरुणाला खिळले. रुग्णालयात आठवड्याभरातच त्यांच्या कमरेखाली जखम झाली. आम्ही वॉर्डातल्या मुलीवर भडकलो. ती मान खाली घालून म्हणाली, "काका, सारखी कूस बदलायची असते हे मला कोणी सांगितलेच नाही." बारावी होऊन दोन आठवड्यांपूर्वीच ती कामाला लागली होती. पाळी बारा तासांची, पगार आमच्या दुकानातल्या नव्या मुलापेक्षाही कमी.

आमचा राग तिथेच ओसरला. नव्या मुलाला आपण पहिल्या दिवशी मागावर एकटे सोडत नाही. तुटलेला धागा जोडायला शिकवतो, उस्तादाच्या नजरेखाली ठेवतो. कारण ताग्यात खोट निघाली तर नुकसान आपले. इथे तर माणसाच्या कातडीचा प्रश्न होता.

शरीराचा भार एकाच जागी राहिला की तिथला रक्तपुरवठा अडतो आणि कातडी मरू लागते. तिला वाचवायचे तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी, अंग कोरडे ठेवावे, चादरीला सुरकुती राहू देऊ नये, माकडहाड व टाचा रोज पाहाव्यात. यात मोठा खर्च नाही. हवा तो हुन्नर आणि मन लावून काम करण्याची वृत्ती.

ही दोन्ही एकत्र आली की काय होते, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयाने दाखवले. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या मेंदूला नोव्हेंबर १९७३ मधील हल्ल्यात कायमची इजा झाली. मे २०१५ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. इतकी वर्षे अंथरुणात असूनही त्यांच्या अंगावर जखमा नव्हत्या, याची दखल सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालातही आहे. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण जुन्यांनी नव्यांच्या हाती काम दिले तेव्हा त्यामागची आपुलकीही दिली.

मात्र नुसत्या आपुलकीवर घर चालत नाही. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीने २०१६ साली शिफारस केली की, ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी वेतन नसावे. कमी पगारात राबणारी मुलगी शिकून तयार होते आणि दुसरीकडे निघून जाते. मालकाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कारागीर टिकवायचा तर दाम आणि मान दोन्ही द्यावे लागतात, हे आपल्याला धंद्याने शिकवलेच आहे.

आपल्यापैकी अनेकजण रुग्णालयांना देणगी देतात, काही विश्वस्तही आहेत. पंख्यावर किंवा बाकड्यावर नाव घालण्याऐवजी एखाद्या गरजू मुलीच्या तीन वर्षांच्या नर्सिंग अभ्यासक्रमाची फी भरावी. अनुभवी सिस्टरने नव्या मुलींना आठवड्यातून एक तास शिकवावे आणि त्या तासाचा मोबदला तिला मिळावा, असा आग्रह धरावा. चांगले काम दिसले तर तिचे नाव घेऊन चार लोकांत शाबासकी द्यावी. आपल्या घरातील मुलींनाही या पेशाकडे इज्जतीचा हुन्नर म्हणून पाहू द्यावे.

थोरल्या बंधूंची जखम भरायला तीन महिने लागले. पुढे त्याच मुलीला एका वयस्क सिस्टरने हाताशी धरून काम शिकवले. बंधूंच्या चादरीची सुरकुती मग ती न सांगता काढत असे.