पायवाट आणि चूल

सहलीचा विषय निघाला कीं आपल्या शहरी घरांत दोन पक्ष पडतात. तरुणांना डोंगर चढावयाचा असतो. वडील मंडळींना निवांतपणा आणि सुग्रास जेवण हवें असतें. दोघांनाही रुचेल अशी एक सहल मी आज सुचवितों. दिवसा डोंगराकडील खेड्यांपर्यंत रमतगमत चालावें, आणि सायंकाळीं तेथल्याच चुलीपाशीं बसून स्वयंपाक शिकावा. हे एकाच विद्येचे दोन धडे आहेत, हें गोंदिया जिल्ह्यांत चांगलें उमगतें.

आरंभ बिरसीपासून करावा. गोंदियाजवळच्या या गांवीं १९४० सालीं, महायुद्धाच्या धामधुमींत, इंग्रज सरकारनें विमानांची धावपट्टी बांधली. नियमित प्रवासी वाहतूक मात्र २०२२ सालीं सुरू झाली. कुंपणाबाहेर थोडें चालून गेलें कीं भाताच्या बांध्या लागतात. या प्रदेशांत पाऊस भरपूर पडतो, पण तो चार महिन्यांत पडून संपतो. म्हणून कोहळी समाजाच्या लोकांनीं गोंड राजांच्या काळापासून जागोजाग तलाव बांधले. नवेगांवबांधचा विस्तीर्ण जलाशय ही त्यांच्याच कसबाची साक्ष होय. पहिल्या संध्याकाळचा धडा साध्या भाताचा असावा. नव्या तांदळाला पाणी कमी लागतें, जुन्याला अधिक. हें प्रमाण रांधणारीचा हात जाणतो.

दुसरा धडा लाखोळीचा. भात कापणीला येण्यापूर्वीं, उभ्या पिकांतच हिचें बीं फेकतात. नांगरणी नाहीं, पाणी देणें नाहीं. जमिनींत उरलेल्या ओलीवर ती वाढते. हिंवाळ्यांत तिच्या कोंवळ्या पाल्याची भाजी होते, पुढें डाळीचे वडे होतात. परंतु याच दाण्यांत मज्जातंतूंना अपाय करणारें एक द्रव्य असतें. दुष्काळांत दुसरें धान्य न मिळाल्यामुळें जे महिनोन्‌महिने केवळ हिच्यावरच राहिले, त्यांच्यापैकीं कित्येकांचे पाय कायमचे लुळे पडले. मध्य हिंदुस्थानांतील अशा प्रकाराचें वर्णन स्लीमननें १८४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत आहे. १९६१ सालीं तिच्या विक्रीवर बंदी आली, तरी शेतांतून ती गेली नाहीं. डाळ गरम पाण्यांत भिजवून तें पाणी फेकून दिल्यानें अपाय पुष्कळ कमी होतो, पण सर्वस्वीं नाहींसा होत नाहीं. म्हणून तिला रोजचें मुख्य अन्न करूं नये. इतर धान्यें व भाज्या यांच्या जोडीनें बेतानें खावी. शेत पाहिल्यावर ती लोकांनीं कां धरून ठेवली तें कळतें, आणि चुलीपाशीं ती कशी सांभाळून खावी तें कळतें.

तिसऱ्या दिवशीं सालेकसा तालुक्यांतील दरेकसाकडे वळावें. हावड्याच्या लोहमार्गावर हें लहानसें स्टेशन आहे. जवळच हाजरा धबधबा आहे, आणि याच डोंगरांत कचारगडची विशाल गुहा आहे. माघी पौर्णिमेला तेथें गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. या वाटांवर मोहाचीं झाडें भेटतात. मार्च-एप्रिलमध्यें पहाटे त्यांचीं रसाळ फुलें गळूं लागतात. तीं वेंचून वाळविलीं म्हणजे वर्षभर टिकतात. शहरांत मोहाचें नांव निघालें कीं दारूच आठवते. पण फुलें भाजून, कुटून, पिठांत मिसळून केलेली भाकरी गोड व पोटभरीची असते. फुलें सहज दिसावींत म्हणून कोठें कोठें झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि त्यांतून वणवा पेटतो. एका भाकरीशीं रानाचें बरेंवाईट असें जोडलेलें आहे.

आतां दोन व्यवहाराच्या गोष्टी. ही सहल थोड्या माणसांची असावी, आणि थंडीच्या दिवसांत काढावी. यजमानांना आधीं कळवावें. वेळीं अवेळीं कोणाच्या चुलीवर जाऊन बसूं नये. जी मावशी शिकवील ती आपली गुरु आहे. गायन शिकविणाऱ्याला आपण जसें मानधन देतों, तसें तिलाही द्यावें. आणि वहींत केवळ मापें न लिहितां, हें धान्य कोठें व कसें पिकतें, त्याला काय जपावें लागतें, तेंही लिहून आणावें. नुसत्या मापांवरून लाखोळीचें पाणी कां फेकावयाचें तें समजणार नाहीं.