बावीस वर्षे लागलेला पूल

आसाम राज्यात दिब्रुगड शहराजवळ बोगीबील येथे ब्रह्मपुत्रेवर रेल्वेचा पूल आहे. त्याची लांबी ४.९४ किलोमीटर आहे. म्हणजे चालत गेलं तर एक तास पाहिजे! खाली आगगाडीचे दोन रूळमार्ग आणि वर मोटारींचा रस्ता, असा तो दुमजली आहे.

या पुलाची पायाभरणी जानेवारी १९९७ मध्ये झाली आणि पूल सुरू झाला २५ डिसेंबर २०१८ रोजी. मी वजाबाकी केली. जवळजवळ बावीस वर्षे आली. पायाभरणीच्या वेळी चौथीत असलेला पोरगा पूल होईपर्यंत बत्तीस वर्षांचा बाप्या झाला की!

एवढा उशीर का झाला? एक कारण नदीच. तिकडचे लोक तर तिला नदी म्हणत नाहीत, नद म्हणतात. पावसाळ्यात तिला एवढा पूर येतो की पात्रात काम करता येत नाही. वर्षातले चार-पाच कोरडे महिनेच काय ते कामाचे. आणि तळाशी खडक नाही, नुसती वाळू. मग खांब उभा कशावर करायचा? त्यासाठी काँक्रीटची मोठी पोकळ विहीर वाळूवर उभी करतात. आतली वाळू यंत्राने उपसत जातात, तशी विहीर आपल्याच वजनाने खाली खाली बसते. पुरेशी खोल गेली की तळ काँक्रीटने बंद करतात आणि वर खांब बांधतात. आपण विहीर खणतो पाण्यासाठी, तिथे पाण्यातच विहीर बसवतात, ही मला मोठी गंमत वाटली. नदी पसरट आहे, बाजूला सरकते. म्हणून दोन्ही काठांना लांब बांध घालून तिला पुलाखालीच ठेवावं लागलं.

पण सगळा दोष नदीला देऊ नये. पायाभरणी झाल्यावर काम सुरू व्हायलाच २००२ साल उजाडलं. पैसेही हळूहळू मिळत होते. २००७ साली हा राष्ट्रीय प्रकल्प ठरला, तेव्हा पैशाची सोय बरी झाली. आधी खर्च १,७६७ कोटी रुपये धरला होता, तो शेवटी सुमारे ५,९०० कोटी झाला. तिपटीहून जास्त! पूर येतो तो नदीचा स्वभाव आहे, पण पैशासाठी थांबणं मला काही पटत नाही.

कारण तोवर लोक नावेनेच ये-जा करत होते. मोठं सरकारी इस्पितळ दक्षिणेला दिब्रुगडला, आणि धेमाजीची माणसं उत्तर काठाला. रात्री कोणी आजारी पडलं किंवा नदीला पूर आला, की नाव मिळायची नाही. पेशंटला घेऊन काठावर बसून राहायचं. आता तीच माणसं मोटारीने काही मिनिटांत पलीकडे जातात, रात्रीसुद्धा.