दुपारच्या मॅचचा गोलकीपर

दोस्तांनो, फुटबॉलची मॅच तुम्ही कुठं बघता? टीव्हीवर, हो ना? रात्र रात्र जागून युरोपातल्या संघांचे सामने बघायचे आणि सकाळी शाळेत डुलक्या काढायच्या! आमच्या घरातही असाच एक वीर आहे. वय वर्षं बारा. होळीला जोडून आलेल्या सुट्टीत आम्ही सगळे कोल्हापूरला मामाकडे गेलो आणि मामानं जाहीर केलं, "उद्या दादाची मॅच हाय. सगळ्यांनी यायचं!" तेव्हा आमच्या वीरानं नाक मुरडलं. "गल्लीतली मॅच? ती काय बघायची?"

आता कोल्हापूर म्हटलं की तुम्हाला तांबडा-पांढरा रस्सा आठवेल, नाहीतर कुस्ती. पण या गावाला कुस्तीइतकंच वेड फुटबॉलचं आहे, बरं का! राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला मोठा आश्रय दिला. १९१२ साली खासबागेचं कुस्तीचं मैदान तयार झालं. पेठापेठांत तालमी होत्याच. पुढं याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. म्हणून तर इथल्या संघांची नावं पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम अशी आहेत. नाव ऐकून वाटावं, आता लंगोट लावलेले पैलवान येणार. आणि मैदानात उतरतात बूट घातलेले फॉरवर्ड! १९४० साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन साखळी स्पर्धा भरवते. नामवंत तालमींचा सामना असला की शाहू स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नसते.

आमच्या दादाचा संघ मात्र नामवंत नाही. त्या दिवशी दोन सामने होते. संध्याकाळचा बड्या संघांचा आणि भर दुपारचा दादाच्या संघाचा. दादा गोलकीपर. सत्तावीस वर्षांचा. फौंड्रीत कामाला आहे. त्या दिवशी त्याची सेकंड शिफ्ट होती. तासभर उशिरा येण्याची परवानगी काढून तो खेळायला आला होता. संघ गुणतक्त्यात तळाशी. जिंकलं तर तीन गुण, बरोबरीला एक, हरलं तर भोपळा. आणि तळाला राहिलं तर पुढच्या वर्षी खालच्या गटात जायची पाळी!

मामीनं भाकरीचा डबा घेतला, आज्जीनं छत्री घेतली आणि आम्ही पायऱ्यांवर जाऊन बसलो. ऊन मी म्हणत होतं. माणसं असतील शंभर-दीडशे. पहिली दहा मिनिटं आमचा वीर कंटाळला. मग हळूच पुढं सरकला. कारण टीव्हीवर जे कधी ऐकू येत नाही, ते इथं ऐकू येत होतं. बूट चेंडूवर बसल्याचा 'धप्प' आवाज, खेळाडूंची धाप, आणि दादाचं ओरडणं! "डावीकडं बघ! माणूस सुटलाय! बाहेर या, बाहेर या!" तुम्हाला माहीत आहे का, सगळं मैदान समोर दिसतं ते फक्त गोलकीपरला. म्हणून चेंडू लांब असला तरी त्याचं तोंड आणि पाय थांबत नाहीत. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागं पळतो, त्यामुळं हे आपल्याला दिसतच नाही.

आणि मग घात झाला. लांबून एक उंच चेंडू आला. साधाच होता. पण दादाच्या डोळ्यांवर ऊन आलं, अंदाज चुकला आणि चेंडू हातातून निसटून गोलात! मागून कुणीतरी ओरडलं, "कीपर हाय का चाळणी रं?" सगळे हसले. मामी मात्र डब्याच्या झाकणाकडं बघत बसली.

शेजारी एक मुलगा शेंगा खात बसला होता. त्यानं आमच्या वीराला विचारलं, "तुमचं कोण हाय का खेळायला?"

वीर म्हणाला, "नाही."

मी ऐकलं. काही बोललो नाही. तुम्ही असता तर काय म्हणाला असता, खरं सांगा!

मध्यंतरानंतर दादाच्या संघानं कॉर्नरवर डोक्यानं गोल मारून बरोबरी साधली. एकेक! तोवर पायऱ्या भरायला लागल्या होत्या. ही माणसं संध्याकाळच्या सामन्यासाठी जागा धरायला येत होती. पण जागा धरून करणार काय? समोरची मॅच बघणारच की! शेवटच्या दहा मिनिटांत दादाच्या संघाला हजारो प्रेक्षक मिळाले.

शेवटच्या मिनिटाला गोलाच्या अगदी समोर फ्री-किक. फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. एवढी जागा एकट्यानं राखायची म्हणजे काय, ते पायऱ्यांवरून बघताना कळतं. चेंडू भिंतीवरून वळून वरच्या कोपऱ्याकडं निघाला. दादा झेपावला. बोटांची टोकं लागली आणि चेंडू दांडीवरून बाहेर! सगळं स्टेडियम उभं राहिलं. मघाचा तो चाळणीवालासुद्धा!

आमच्या वीरानं शेजारच्या मुलाकडं न बघताच सांगितलं, "तो माझा दादा आहे."

मुलगा शेंग सोलत म्हणाला, "ठाऊक हाय की. तुझ्या आज्जीनं मघाशीच सांगितलंय."

सामना बरोबरीत सुटला. एक गुण मिळाला. संघ वाचणार की नाही, ते पुढच्या सामन्यावर ठरणार होतं. दादानं दोन घास कसेबसे खाल्ले आणि स्कूटरला किक मारली. त्याची शिफ्ट वाट बघत होती. बड्या संघांची मॅच सुरू होत आली होती, तरी आमचा वीर त्याला पोचवायला फाटकापर्यंत गेला. तिथं दोघं काय बोलले, ते मी विचारलं नाही.

दोस्तांनो, २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. अशा गावांतून वर जाणारी वाट आहे खरी. पण आमचा दादा तिथं जाणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. तरी तो उन्हात उभा राहतो, चुकतो, हसं झालं तरी जागा सोडत नाही. जगातले बहुतेक खेळाडू असेच असतात.

तुमच्याही गावात रविवारी कुठंतरी मॅच असेल. फुटबॉल नसेल तर कबड्डी, खो-खो असेल. घरच्यांना घेऊन जा. पाण्याची बाटली न्या. आणि तुमचं कुणी खेळत असेल, तर कुणी विचारायच्या आत सांगून टाका!