पुढे सामुराई, मागे व्यापारी

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर मोगामी नदी समुद्राला मिळते, तिथे साकाता हे बंदर आहे. आतल्या मुलखातला तांदूळ नदीतून होड्यांनी इथे उतरायचा आणि गलबतांत चढून ओसाका, एदोकडे निघायचा. १६७२मध्ये कावामुरा झुइकेन यांनी पश्चिमेचा सागरी मार्ग बसवून दिला आणि गावाचं नशीब फळफळलं. जपानीत ज्यांना ‘गोशो’ म्हणतात, ते धनाढ्य, वजनदार व्यापारी इथे नांदले. त्यांत होन्मा घराणं सर्वांत मोठं.

त्यांचा वाडा सावकाश पाहावा. शोगुनचे तपासणी अधिकारी आले की उतरायला जागा हवी, म्हणून होन्मा मित्सुओका यांनी १७६८मध्ये तो बांधला आणि प्रांताचे धनी असलेल्या साकाई घराण्याला अर्पण केला. पुढे तो होन्मांकडेच परत आला. छप्पर एक, घरं दोन! दर्शनी भाग सामुराईच्या इतमामाचा, मागचा व्यापाऱ्याच्या राहणीचा. लाकूडसुद्धा सारखं नाही. वाडा हाती आल्यावरही कुटुंब राहिलं ते मागच्याच भागात. सरदारांना कर्ज देणाऱ्यांनी आपल्याच घराची पुढची दालनं मोकळी ठेवली. पैसा कितीही असो, पायरी सोडायची नाही, हा तेव्हाचा दंडक.

शेअर बाजारात ‘कँडलस्टिक’ आलेख बघणाऱ्यांना याच घराण्यातले होन्मा मुनेहिसा ऐकून माहीत असतील. त्या आलेखांचं श्रेय त्यांना देण्याची प्रथा आहे. ते कितपत खरं, यावर वाद आहे. मित्सुओकांनी किनाऱ्यावर उडत्या वाळूला अडवायला लावलेली पाइनची झाडं मात्र वादातीत.

गावात होन्मांच्या दानशूरपणाच्या गोष्टी सांगतात. पण हे वैभव पिकवलं कुळांनी. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जमीन सुधारणेत घराण्याची बहुतेक शेतजमीन गेली, हेही त्या गोष्टींसोबत सांगायला हवं. १९७६च्या भीषण आगीत गावाचा मध्यभाग जळाला, वाडा वाचला.

स्टेशनजवळचं होन्मा कलासंग्रहालय १९४७मध्ये सुरू झालं. त्याच आवारात १८१३चा बंगला आहे. हिवाळ्यात बंदर थंडावलं की हमालांना काम मिळावं, म्हणून तो बांधायला काढला होता. बागेतले दगड नीट बघा. तांदूळ पोचवून परतणारी गलबतं हलकी पडू नयेत म्हणून तळाशी भरून आणलेले, दूरदूरच्या किनाऱ्यांवरचे दगड आहेत ते.