शिरगावच्या किनाऱ्यावर इक्वेटोरियल माउंट कसा लावायचा?

हा आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. कोन आणि दिशा ऐकताना निसटतात, म्हणून मोबाईलवर उघडून शेजारी ठेवता येईल असं लिहिलंय.

हौसेने घेतलेली दुर्बीण दोन महिन्यांत माळ्यावर का जाते? बहुतेक वेळा भिंगात किंवा आरशात काही खोट नसते. खालचा तो तिरपा, वजनं लटकवलेला स्टँडच समजत नाही. खरं तर त्याचं काम एकच आहे.

पृथ्वी 23 तास 56 मिनिटांत स्वतःभोवती फिरते, त्यामुळे आकाश तासाला साधारण 15 अंश सरकताना दिसतं. 150 पट मोठा करून गुरू पाहिलात, तर तो दीड मिनिटाच्या आत नजरेआड होतो. साध्या स्टँडवर त्याचा पाठलाग करायला दुर्बीण आडवी आणि उभी, दोन्हीकडे हलवावी लागते. इक्वेटोरियल माउंटमध्ये एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर करतात. मग फक्त आरएचा नॉब हळूहळू फिरवायचा, किंवा ते काम मोटरवर सोडायचं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, सुरुवातीला कॉन्फिगरेशन नीट करा, पुढे नुसता लूप चालतो.

जयपूरच्या सम्राट यंत्राची तिरपी भिंत आठवते? ती 27 अंशांत कललेली आहे, कारण जयपूरचा अक्षांश तेवढा. आपल्या शिरगावचा अक्षांश आहे सुमारे 19.7. माउंटचा अक्षही तेवढाच कलवायचा.

उजेड असतानाच करायचं

भरतीच्या रेषेपासून लांब, घट्ट जागा निवडा. वाळूत तिवईचे पाय खचतात, म्हणून प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा किंवा फळी ठेवा. तिवई लेव्हल करा आणि अक्षांशाच्या पट्टीवर 19.7 लावा. ही पट्टी ढोबळ असते. फोनमधल्या कोन मोजणाऱ्या अ‍ॅपने तपासून घ्या.

मग तोल. क्लच सैल करून दुर्बीण आडवी करा आणि हात सोडा. ती एका बाजूला झुकली, तर वजन दांडीवर पुढे-मागे सरकवा. डेक अक्षासाठी नळीच मागे-पुढे करा. कमी अक्षांशावर एक अडचण हमखास येते: वजनाची दांडी जवळजवळ उभी लोंबते आणि तिवईच्या पायाला आपटू शकते. दोन्ही अक्ष हाताने पूर्ण फिरवून बघा. आपटत असेल तर आणखी एक वजन लावून दोन्ही वजनं दांडीवर वर घ्या.

अंधार पडल्यावर

होकायंत्राने उत्तर शोधा. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, हा फायदाच. फक्त फोन लोखंडी वजनांपासून दूर धरा.

आता ध्रुवतारा. हात लांब करून धरलेली मूठ साधारण 10 अंश असते, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर. शिरगावहून उत्तरेलाच बोईसरची एमआयडीसी आणि तारापूर, शिवाय समुद्राचा दमटपणा. तारा फिकट दिसणारच. बरं, तो बरोबर ध्रुवावर नाहीच. पूर्ण चंद्राच्या रुंदीपेक्षा थोडा जास्त बाजूला आहे. पोलर स्कोपमध्ये तो कुठल्या जागी ठेवायचा, ते अ‍ॅप वेळेनुसार सांगतं.

नुसतं डोळ्यांनी बघायचं असेल तर एवढं पुरे. अर्ध्या-एक अंशाची चूक असली तरी शनीची कडी मजेत दिसतात.

ध्रुव दिसलाच नाही तर?

फोटो काढायचे असतील किंवा उत्तर धुरकट असेल, तर ड्रिफ्ट पद्धत वापरा. मोटर चालू ठेवून दक्षिणेला उंचावरचा, वैषुविक वृत्ताजवळचा तारा घ्या. जानेवारीच्या मध्यात रात्री साडेदहाच्या सुमारास मृगातल्या बाणाचे तीन तारे तिथेच असतात. आधी नळी किंचित उत्तरेकडे ढकला. तारा ज्या बाजूला जाईल ती आयपीसमधली दक्षिण. तारा परत मध्यावर आणा आणि पाच मिनिटं थांबा.

तारा दक्षिणेकडे सरकला, तर अक्ष पूर्वेकडे जास्त वळलाय. थोडा पश्चिमेकडे घ्या. उत्तरेकडे सरकला, तर उलट. मग पूर्वेला दोन-तीन मुठी वर असलेला तारा घ्या. तो दक्षिणेकडे सरकला, तर अक्ष खाली आहे, वर करा. उत्तरेकडे सरकला, तर खाली करा. सरकणं जवळजवळ थांबेपर्यंत दोन्ही आलटून पालटून करा. ध्रुवताऱ्याकडे बघायची गरजच नाही.

एकदा जमलं की तिवईला धक्का लावू नका. पुढचा तारा शोधताना क्लच सैल करून नळी फिरवा. अक्षांश आणि दिशेच्या स्क्रूंना हात नको. घरी गेल्यावर कोरड्या फडक्याने माउंट पुसा, खारी हवा धातूला सोडत नाही.

पहिल्या रात्री तासभर जाईल, चौथ्या रात्री पंधरा मिनिटं. तेव्हा माळ्यावरची दुर्बीण खाली काढा. काही अडलं तर कळवा, पुढच्या भागात बोलू!