पेल्यावरची छबी

गेल्या महिन्यात आमच्या गायनवर्गातील दोन विद्यार्थी चिनीमातीचा एक पेला घेऊन आले. त्यावर एका नामवंत गायिकेची छबी. "गुरुजी, वार्षिक जलशात असे शंभर विकू, तंबोऱ्यांच्या दुरुस्तीचा खर्च निघेल." तंबोऱ्यांची दशा आम्ही रोज पाहतो; होकार ओठांवर आलाच होता. शेजारी बसलेल्या वकील-मित्राने हटकले म्हणून बरे.

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. दलेर मेहंदी यांच्यासारख्या दिसणाऱ्या आणि त्यांच्याच गाण्यांच्या ओळी म्हणणाऱ्या बाहुल्या बाजारात आल्या होत्या. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि २०१० साली विक्रीला मनाई होऊन १ लाख रुपयांची भरपाई ठरली. पकडले गेले ते भेटवस्तूंचे दुकानदार! "आम्ही नुसते विकतो" हे म्हणणे चालत नाही, ते यासाठी.

मौज अशी की, या हक्काचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. खाजगी जीवनाचा हक्क, व्यापारचिन्हाचा कायदा आणि दुसऱ्याच्या लौकिकावर आपला माल खपविण्याविरुद्धचा जुना नियम यांची मोट बांधून न्यायालयांनी तो उभा केला आहे. आशा भोसले यांच्या अर्जावरही मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ साली त्यांचे नाव, आवाज आणि छबी यांना अंतरिम संरक्षण दिले. व्यंगचित्र वा विडंबन यांची गोष्ट वेगळी. बाहुल्यांच्याच निकालात न्यायालयाने त्यांना मोकळीक ठेवली.

"खाली बाईंचे नाव आदराने छापू," असे मुलांनी सुचविले. पण नावाने ओळख अधिकच पक्की होते! शिवाय छायाचित्राचा हक्क सहसा ते काढणाऱ्याचा. गायिकेने होकार दिला तरी छायाचित्रकाराचा उरतोच.

मग दिवंगत उस्तादांची तसबीर? एका चित्रपटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली असा हक्क व्यक्तीबरोबर संपतो असे म्हटले खरे. तथापि छायाचित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे चालतो. आमच्या भिंतीवर वडिलांची दरबारी पगडीतील तसबीर आहे. उद्या ती कोणी तपकिरीच्या डबीवर छापली, तर आमच्या हाती काय उरेल, हा विचार त्या रात्री बराच वेळ छळत राहिला.

पेले आता छापून आले आहेत. त्यांवर तंबोऱ्याचे रेखाचित्र आहे, वर्गातल्याच एका विद्यार्थिनीने काढलेले. तिची परवानगी आम्ही लेखी घेतली.